चार जीबीच्या कार्डावर रेड डेड रिडेम्प्शन २: प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

हाताशी काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचे आकडे कोणत्या मशीनचे ते कळेल. ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र बनवणारं) जीटीएक्स १६५०, ४ जीबी जीडीडीआर५ मेमरीचं. वेगळी पॉवर केबल लागत नाही असं मॉडेल, सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं, म्हणजे ७५ वॉटच्या आत. प्रोसेसर कोअर आय३-१०१००, चार कोअर आठ थ्रेड. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक. गेम एसएसडीवर. मॉनिटर १९२० × १०८०, ७५ हर्ट्झ.

गेम कम्प्युटरवर नोव्हेंबर २०१९ मध्ये आला तेव्हा किमान अट जीटीएक्स ७७० आणि ८ जीबी रॅम अशी होती. शिफारस होती ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० ची आणि १२ जीबी रॅमची. आमचं मशीन या दोन्हींच्या मधोमध कुठेतरी आहे. चालेल, पण आपोआप नीट चालणार नाही.

धाकटा भाऊ खेळतो, मी मोजते. ठरवलेलं उद्दिष्ट: सरासरी ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं). (हे उद्दिष्टच चुकीचं होतं. पुढे लिहिलंय.)

गेमने स्वतः निवडलेल्या सेटिंगवर त्याच्या आतलाच बेंचमार्क (ठरलेले प्रसंग दाखवून वेग मोजणारी चाचणी) चालवला. सरासरी ४३.

१० जानेवारी

आजचा अख्खा दिवस वाया गेला, आणि तो का गेला हे लिहायलाच हवं, कारण या गेमला हात लावणारे बहुतेक जण इथेच फसतात.

ग्राफिक्सच्या मेनूत वरच खाचांची एक पट्टी आहे. एका टोकाला वेग, दुसऱ्या टोकाला दर्जा. ओळखीच्या एकाने सांगितलं, पट्टी मधल्या खाचेच्या दोन खाचा डावीकडे ठेव, मस्त चालतो. तसं केलं. आमच्याकडे ३८ आले, म्हणजे आधीपेक्षा कमी. मग एक खाच इकडे, दोन तिकडे, प्रत्येक वेळी पाच मिनिटांचा बेंचमार्क. सहा तास गेले. शेवटी दोघांनी आपापल्या मेनूचे फोटो काढून शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. खाच तीच, पण आतली सेटिंग वेगळी. ही पट्टी कार्ड बघून ठरवते की त्या खाचेवर सावल्या मीडियम द्यायच्या की हाय. म्हणून दुसऱ्याच्या मशीनवरची खाच आपल्याला काहीच सांगत नाही. सेटिंगची अदलाबदल करायची तर एकेक ओळ लिहून करायची.

पट्टीला आता हात लावायचा नाही असं ठरवलं.

११ जानेवारी

भाऊ व्हॅलेंटाइन गावातून घोडा पळवत होता. कोपऱ्यातला आकडा ५५ ते ६० दाखवत होता, आणि तो म्हणाला, "ताई, अडकतंय." मी म्हटलं, आकडा तर बघ. तो म्हणाला, "आकडा राहू दे, हाताला कळतंय."

त्याचं बरोबर होतं. एका सेकंदात ५० फ्रेम दिसल्या असं धरू. त्यातल्या ४९ प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत आल्या, म्हणजे ७८४ मिलिसेकंद झाले. उरलेली एकच फ्रेम २१६ मिलिसेकंद लटकली. सरासरी अजूनही ५०. पण ती एक फ्रेम म्हणजे पळत्या घोड्याला बसलेला हिसका, आणि खेळणाऱ्याला तेवढाच लक्षात राहतो.

आजपासून मोजण्याची पद्धत बदलली. कार्डावर नजर ठेवणारं एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावलं, स्क्रीनवर फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेघ ठेवली. नोंदीसाठी कॅपफ्रेमएक्स. दर वेळी दोन आकडे लिहिणार: सरासरी, आणि सगळ्यांत वाईट एक टक्का फ्रेमचा एफपीएस. या दुसऱ्याला मी इथे 'तळ' म्हणते.

गेमने निवडलेल्या सेटिंगवर: सरासरी ४३, तळ ३१.

आणखी एक चूक आज सापडली. सेटिंग बदलल्यावरची पहिली फेरी मी धरत होते. त्या फेरीत नवे शेडर (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, त्यामुळे ती नेहमीच खराब येते. कालचे निम्मे आकडे त्यापायी फेकून द्यावे लागले. आता नियम: पहिली फेरी सोडायची, पुढच्या तिघांची मधली किंमत घ्यायची. एका बदलाला वीस मिनिटं. कंटाळा येतो, पण याशिवाय हाती आलेला आकडा खरा की योगायोग ते कळतच नाही.

१३ जानेवारी

मॉनिटर फ्रीसिंकवाला आहे, त्याची मर्यादा ४८ ते ७५ हर्ट्झ. या पट्ट्यात कार्ड जेव्हा फ्रेम देईल तेव्हाच मॉनिटर ती दाखवतो, म्हणून ५२ असो की ६३, नजरेला सलग वाटतं. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून दहाव्या मालिकेपासूनच्या कार्डांना ही सोय दिली आहे. पण कंट्रोल पॅनेलमध्ये पर्यायच दिसेना. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, विंडोजची सेटिंग उलटीपालटी केली. अडीच तास.

कारण केबल होती. मॉनिटर एचडीएमआयवर जोडलेला होता आणि आमच्या जोडीला ही सोय डिस्प्लेपोर्टवरूनच मिळते. केबल बदलली, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक चालू केलं, पर्याय दिसला.

आता उद्दिष्ट स्पष्ट झालं. ४८ च्या खाली गेलं की ही सोय सुटते आणि झटके परत येतात. काही मॉनिटर अशा वेळी प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून सांभाळून घेतात, पण ४५ ची दुप्पट ९०, आणि आमचा मॉनिटर ७५ ला थांबतो. म्हणजे ४८ हा आमचा उंबरठा. १००० भागिले ४८, एका फ्रेमला २०.८ मिलिसेकंद. साठ सरासरी गाठण्याचा नाद सोडला. कोणत्याही जागी एक फ्रेम २०.८ च्या वर जाऊ नये, एवढंच बघायचं.

तुमचा मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा असेल तर हिशेब वेगळा. तिथे ४० वर रोखलं तर एक फ्रेम एकदा आणि पुढची दोनदा दिसते, १६.७ आणि ३३.३ असं लंगडत चालतं. त्यापेक्षा स्थिर ३० बरं.

१५ आणि १६ जानेवारी

दोन रात्री, एकूण अकरा तास. एकेक सेटिंग.

बेंचमार्क सोडून एक जागा ठरवली: व्हॅलेंटाइनच्या बाहेरचा चढ, भर दुपार, समोर झाडं आणि गवत. सेव्ह करून ठेवलं आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोजलं. एफपीएसऐवजी मिलिसेकंद लिहिले. ३० वरून ३५ आणि ७० वरून ७५ या दोन्हींत पाचचाच फरक दिसतो, पण पहिल्यात फ्रेममागे ४.८ मिलिसेकंद वाचतात आणि दुसऱ्यात एकही धड नाही. मिलिसेकंदांत लिहिलं की कोणती सेटिंग किती खाते ते सरळ दिसतं.

सुरुवात २२.६ वर.

सर्वांत जास्त खाणारं सापडलं ते एमएसएए, म्हणजे कडा गुळगुळीत करण्याची एक पद्धत. ते बंदच होतं, पण दोन पट चालू करून पाहिलं तर फ्रेम सहा मिलिसेकंदांनी लांबली. या कार्डावर त्याचा विचारही नको. रिफ्लेक्शनसाठीचं एमएसएए वेगळ्या ओळीत लपलेलं आहे, तेही बंद आहे ना बघा.

झाडांचं टेसलेशन बंद केलं: ०.९ वाचले. खोडाचा खडबडीतपणा जातो, पण तो बघायला घोड्यावरून उतरून झाडाला नाक लावावं लागतं. नियर व्हॉल्युमेट्रिक रिझोल्युशन हायवरून मीडियम: पुन्हा ०.९. धुक्याच्या कडा थोड्या दाणेदार होतात. फुल रिझोल्युशन एसएसएओ (कोपऱ्यांतल्या बारीक सावल्या) बंद: ०.८, आणि चित्रांत फरक शोधायला मला दोन स्क्रीनशॉट एकावर एक ठेवावे लागले. शॅडो क्वालिटी हायवरून मीडियम: ०.७. व्हॉल्युमेट्रिक लायटिंग एक पायरी खाली: ०.६. गवताचं अंतर अर्ध्याच्या थोडं खाली आणलं: ०.६. ग्लोबल इल्युमिनेशन मीडियम: ०.४. सॉफ्ट शॅडोज बंद: ०.४.

बेरीज ५.३ येते. सगळे बदल एकत्र लावले तेव्हा वाचले ४.२. असंच होतं, कारण या गोष्टी कार्डाच्या आत एकमेकींत मिसळून चालतात. वेगवेगळे मोजलेले आकडे नुसते जोडून वचन देऊ नका, स्वतःलाही नाही. आता १८.४ मिलिसेकंद, म्हणजे ५४ एफपीएस.

ज्यांत काही मिळालं नाही तेही लिहिते. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग सोळावरून चारवर आणलं, ०.२ वाचले आणि रस्ता लांबवर शेवाळासारखा पुसट झाला. परत सोळा. फर क्वालिटीने काही हललं नाही. डेकलनेही नाही. टीएए (मागच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करणारी पद्धत) बंद केलं तर थोडं वाचतं, पण केस आणि पानं ठिपक्याठिपक्यांची होतात. या गेमची चित्रणपद्धतच टीएए गृहीत धरून बांधलेली आहे. टीएए मीडियम ठेवलं आणि शार्पनिंगची पट्टी थोडी चढवली.

जॉमेट्री लेव्हल ऑफ डिटेल खाली आणण्याचा मोह झाला. आणलं, ०.५ मिळाले. पण घोडा पळताना समोरचे दगड आणि झुडपं डोळ्यांदेखत उगवायला लागली. भावाने दहा मिनिटांत ते परत वर करायला लावलं. स्थिर जागी उभं राहून मोजण्याचा हा तोटा: जे हालचालीत खुपतं ते तिथे दिसत नाही.

१७ जानेवारी

व्हल्कन की डायरेक्टएक्स १२? गेमने कार्डाशी कोणत्या मार्गाने बोलायचं त्याचे हे दोन पर्याय. परवा रात्री डायरेक्टएक्सवर गेले होते, पहिली वीस मिनिटं हिसकेच हिसके, म्हणून लगेच परत आले होते. आज लक्षात आलं की ती वीस मिनिटं शेडर नव्याने तयार होण्याची होती. पुन्हा बदललं, अर्धा तास नुसतं फिरवलं आणि मग मोजलं.

व्हल्कन: सरासरी ५५, तळ ४१. डायरेक्टएक्स १२: सरासरी ५४, तळ ४५.

डायरेक्टएक्स १२ ठेवलं. नुसती सरासरी बघितली असती तर उलटा निर्णय घेतला असता. दुसऱ्या कार्डावर हे आकडे फिरू शकतात, म्हणून मोजून बघा, आणि मोजायच्या आधी अर्धा तास द्या.

१८ जानेवारी

टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं. सगळीकडे सल्ला एकच, ४ जीबीचं कार्ड असेल तर टेक्श्चर कमी करा. मी सुरुवातीलाच मीडियम केले होते. कपडे मेणाचे दिसत होते, लाकडाला रेषा नव्हत्या, आणि मी ते कार्डाची ऐपत म्हणून सोसत होते.

आज अल्ट्रावर टाकून पाहिलं. फ्रेमटाइममध्ये फरक ०.१. मेनूतली मेमरीची पट्टी ३.४ जीबीवर, म्हणजे मावतंय. चित्र मात्र दुसऱ्याच गेमचं वाटावं इतकं बदललं. या गेममध्ये अल्ट्राच्या खालचे टेक्श्चर फारच मऊ आहेत. आधीच्या नऊ दिवसांत हे करून बघितलं नाही याची खरंच चुटपुट लागली.

कारण साधं आहे. टेक्श्चर कार्डाच्या गणितावर ओझं टाकत नाहीत, ते जागा अडवतात. जागेत मावलं तर जवळपास फुकट. मावलं नाही तर मात्र काही धडगत नाही. कार्डावरची मेमरी सेकंदाला १२८ जीबी देते. ती भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या सोळा लेनवरून यावा लागतो, सेकंदाला जेमतेम १६ जीबी. आठपट अरुंद दार.

हे दार संध्याकाळीच अनुभवलं. अल्ट्रा लावून भाऊ तासभर छान खेळला, मग अचानक दर काही सेकंदांनी झटके. टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड मेमरी ३.९, शेअर्ड मेमरी वाढत चाललेली. पाठीमागे ब्राउझर उघडा होता, त्यात व्हिडिओ थांबवून ठेवलेला, आणि एक चॅटचं अ‍ॅप. दोन्ही कार्डाची मेमरी घेतात. बंद केले, साडेचारशे एमबी मोकळे झाले, झटके गेले. पार्श्वभूमीला सतत रेकॉर्डिंग करणारं ओव्हरलेही काढून टाकलं. ६ किंवा ८ जीबीच्या कार्डावर याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे ते अर्धा जीबीच सगळं ठरवतात.

२० जानेवारी

बेंचमार्क तळ ४८ च्या जवळ देत होता, मी काम संपत आलं असं धरून चालले होते. भाऊ ब्लूवॉटर मार्शच्या दलदलीत पोहोचला. रात्र, धुकं, गुडघाभर पाणी. फ्रेमटाइम २६, म्हणजे ३८ एफपीएस. बेंचमार्कच्या आकड्यांत हे कधी दिसलंच नव्हतं.

तिथेच सेव्ह केलं आणि पाण्याच्या ओळी एकेक करून काढल्या. वॉटर फिजिक्सची पट्टी मी पहिल्या दिवशी, पाणी छान दिसावं म्हणून, पाऊण भागावर नेली होती आणि विसरून गेले होते. व्हॅलेंटाइनच्या चढावर तिचा खर्च शून्य, कारण समोर पाणीच नाही. इथे पट्टी अर्ध्यावर आणली आणि ३.१ मिलिसेकंद एका फटक्यात परत आले. घोडं इतके दिवस इथे पेंड खात होतं. अर्ध्यावरही लाटा उठतात, घोडा चालला की वर्तुळं पसरतात. पाऊण आणि अर्ध्यातला फरक मला तरी दिसला नाही.

वॉटर रिफ्लेक्शन हायवरून मीडियम: १.३. रिफ्रॅक्शन मीडियम: ०.३. फार व्हॉल्युमेट्रिक रिझोल्युशन एक पायरी खाली: ०.९, आणि हे फक्त धुक्यात. एकूण २०.४. उंबरठ्याच्या आत, पण जेमतेम.

तेव्हापासून मोजायच्या जागा चार केल्या: व्हॅलेंटाइनचा चढ, ही दलदल, कोल्टरचा बर्फ आणि सेंट डेनिस शहर. सेटिंग तीच धरायची जी चारही जागी टिकते.

२२ जानेवारी

कोल्टर ठीक. खोल बर्फात पावलांच्या चरांसाठी पॅरलॅक्स ऑक्लुजन मीडियम पुरे.

सेंट डेनिसने दमवलं. सरासरी ४६, तळ ३४. सावल्या कमी केल्या: ४६. धुकं, प्रकाश, सगळं तळाला नेलं: ४७. चित्र पार उतरलं आणि आकडा जागचा हलेना. तीन तास हेच करत बसले. मग आफ्टरबर्नरच्या यादीतली ओळ पाहिली जी मी पहिल्या दिवसापासून लावून ठेवली होती आणि बघत नव्हते: कार्डाचा वापर ७८ टक्के. कार्ड वाट बघतंय. गर्दी, गाड्या, ट्राम, प्रत्येक माणसाची हालचाल, हे सगळं प्रोसेसरच्या माथी आहे आणि तोच मागे पडतोय.

सोपी ओळख: कार्डाचा वापर ९५ च्या वर असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगने फरक पडतो. त्याच्या बराच खाली असेल तर सावल्या कमी करून चित्र तेवढं बिघडतं.

प्रोसेसर बदलणं शक्य नव्हतं. रॅमची एकच स्टिक मात्र सुधारण्यासारखी होती. डीडीआर४-२६६६ ची एक स्टिक म्हणजे सेकंदाला २१.३ जीबी. दोन असल्या की दोन वाटा उघडतात, ४२.६ जीबी. शिवाय खेळताना ८ जीबी पूर्ण भरून विंडोज एसएसडीवर पेजिंग (रॅममध्ये न मावलेला डेटा हलवणं) करत होतं, तेही फ्रेमटाइमच्या रेघेवरच्या उंच काट्यांवरून दिसत होतं.

२४ जानेवारी

तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक घातली. या सगळ्या कामात पैसे लागले ते डिस्प्लेपोर्टची केबल आणि ही स्टिक, एवढ्यासाठीच. पहिल्यांदा मी ती शेजारच्याच स्लॉटमध्ये घातली आणि सीपीयू-झेड (मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) एकच चॅनल दाखवत राहिला. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक एकाआड एक बसवाव्या लागतात, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. हलवली, ड्युअल दिसलं.

सेंट डेनिस: सरासरी ५३, तळ ४३. ग्राफिक्सची एकही सेटिंग न बदलता. दलदलीत मात्र काहीच फरक नाही, कारण तिथे अडवणारं कार्ड होतं. दोन जागा, दोन वेगळे आजार. हे आधी कळलं असतं तर बाविसाव्या तारखेची रात्र वाचली असती.

२५ जानेवारी

एफएसआर २, म्हणजे लहान चित्र बनवून ते मोठं करण्याची सोय. या कार्डात टेन्सर कोअर नाहीत, त्यामुळे एनव्हिडियाची तशीच सोय, डीएलएसएस, नाही. एफएसआर २ ला असे खास कोअर लागत नाहीत आणि या गेममध्ये ते २०२२ मध्ये आलं.

क्वालिटी मोडमध्ये आतलं चित्र १२८० × ७२० चं बनतं, म्हणजे पूर्ण चित्राच्या ४४ टक्के पिक्सेल. मला वाटलं वेळही निम्मा होईल. १८.४ वरून आला १५.४. चित्र मोठं करण्याचं काम कार्डालाच करावं लागतं आणि लहान कार्डाला तेही जड जातं. उभं असताना चित्र चांगलं होतं. चालायला लागल्यावर दूरच्या फांद्या आणि कुंपणाच्या तारा लुकलुकायला लागल्या. मोठ्या रिझोल्युशनवर एफएसआरला भरपूर पिक्सेल मिळतात. १०८० वर त्याच्या हाती मुळातच थोडे असतात.

रिझोल्युशन स्केल पाच-षष्ठांश, म्हणजे १६०० × ९००, आणि टीएए: १६.१. लुकलुक नाही, पण सगळं एका पातळ पडद्याआडून बघितल्यासारखं. भावाला दोन्ही नाव न सांगता दाखवले. त्याने दोन्ही नाकारले. चारही जागी आपण उंबरठ्याच्या आसपास आहोत, तर चित्र पूर्णच ठेवू.

सेंट डेनिसमध्ये एफएसआर लावून पाहिलं, पूर्णत्वासाठी. सरासरी ५४. तिथे अडचण पिक्सेलची नाहीच.

२७ ते २९ जानेवारी

दलदलीतले २०.४ मला पुरेसे वाटत नव्हते. थोडी मोकळीक हवी.

कार्ड सतत ७५ वॉटला टेकलेलं होतं आणि क्लॉक (कार्डाचा वेग) १६५० ते १७५० मेगाहर्ट्झच्या मध्ये वरखाली होत होता. विजेची मर्यादा वाढवता येत नाही, म्हणून तेवढ्याच विजेत जास्त काम काढायचं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा आलेख उघडतो. ०.९ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ठेवून पुढची रेघ सपाट केली. बेंचमार्क तीनदा सुरळीत. भाऊ चाळीस मिनिटं खेळला आणि गेम बंद पडला, वीस मिनिटांची प्रगती गेली. १७८५ ला पुन्हा, दीड तासाने. १७५५ वर तीन संध्याकाळी झाल्या, काही नाही. बेंचमार्कच्या पाच मिनिटांवरून अंडरव्होल्टवर (कमी व्होल्टेजवर कार्ड चालवण्यावर) विश्वास ठेवू नये.

वीज आता ६४ वॉटच्या आसपास, क्लॉक एका रेषेत, पंख्याचा आवाज उतरला. एवढ्यानेच फ्रेमटाइमची रेघ सपाट झाली. वरखाली होणारा क्लॉकही बारीक हिसके देत होता, हे तेव्हा कळलं.

मग मेमरी. या कार्डाचा खरा अडसर मेमरीचा वेग आहे. ७०० मेगाहर्ट्झने वाढवली तर आकाशात हिरवे ठिपके. ४०० वर ठेवली, म्हणजे १२८ जीबीचे १४०.८ झाले. दलदल २०.४ वरून १९.५. व्हॅलेंटाइनचा चढ १७.७. तापमान ६८ अंशांपर्यंत.

३१ जानेवारी

रिव्हाट्यूनरमध्ये ६० ची मर्यादा लावली. मोकळ्या माळावर कार्ड ७० पर्यंत जात होतं आणि गावात शिरताच ५२ ला पडत होतं. फ्रीसिंक असूनही ती घसरण जाणवते. वरची टोकं कापल्यावर घसरण लहान झाली, आणि प्रोसेसरलाही गर्दीत शिरताना थोडी उसंत राहते.

सध्याची यादी, ज्यांना तशीच टंकायची आहे त्यांच्यासाठी. १०८० पूर्ण, डायरेक्टएक्स १२, व्हीसिंक गेममध्ये बंद. टेक्श्चर अल्ट्रा, अ‍ॅनिसोट्रॉपिक सोळा. लायटिंग, ग्लोबल इल्युमिनेशन, शॅडो, फार शॅडो, एसएसएओ, रिफ्लेक्शन, पार्टिकल मीडियम. टीएए मीडियम, एफएक्सएए आणि एमएसएए बंद. नियर आणि फार व्हॉल्युमेट्रिक, व्हॉल्युमेट्रिक लायटिंग मीडियम. फुल रिझोल्युशन एसएसएओ, सॉफ्ट शॅडोज, झाडांचं टेसलेशन बंद. वॉटर फिजिक्स अर्ध्यावर, पाण्याचं बाकी सगळं मीडियम. जॉमेट्री मध्याच्या वर, गवत अर्ध्याच्या खाली. झाडं मीडियम, पॅरलॅक्स मीडियम. मोशन ब्लर आपल्या आवडीने, त्याचा खर्च मोजण्याइतका नाही.

चार जागांचे तळ: व्हॅलेंटाइन ५१, कोल्टर ५०, दलदल ४८, सेंट डेनिस ४४.

१ फेब्रुवारी

भाऊ दुपारी सलग तीन तास खेळला. दलदलीतून रात्री घोडा काढला, काही बोलला नाही. मी मुद्दाम आकडे बंद करून ठेवले होते. सेंट डेनिसमध्ये ट्रामच्या रस्त्यावर वळताना एकदा म्हणाला, "इथे अजून आहे." रेकॉर्डमध्ये पाहिलं, त्या वळणावर ४३. लाँग शॅडोज बंद करून उद्या फक्त तेवढंच वळण मोजणार आहे.